उघड्या डोळ्यांची झोप

१८ जानेवारी

मैने,

हे पत्र जनावरांच्या दवाखान्यातून, कामावरूनच लिहितेय. समोर एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसल्यात आणि टोपलीतलं मांजर सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडतंय. डॉक्टर आत कुणाच्या तरी कुत्र्याशी झटतायत, म्हणून मला जरा उसंत आहे. फोन का केला नाही म्हणशील. घरून फोन लावला की हे जवळ येऊन बसतात, आणि मला यांच्याबद्दलच बोलायचंय. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

तुमच्या संस्थेत जाऊन आल्यापासून तुझ्या दादाची स्वारी हवेत आहे. "विद्यापीठवाल्यांनी अख्ख्या बसचं तोंड कापून हॉलमध्ये आणून ठेवलंय. समोर भिंतभर पडदा, त्यावर रस्ता पळतो. डोक्याला तारा, तोंडासमोर कॅमेरा, हातात स्टिअरिंग. अशी चालवली की आमची मैना बघतच राहिली." भेटेल त्याला हेच सांगत सुटलेत. निकाल काय लागला विचारलं तर म्हणाले, "पहिला नंबर." यांच्याबरोबर डेपोतला पैलवानही आला होता ना, दारातून आडवा होऊन आत शिरतो तो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, तिथं नंबरबिंबर नसतात," आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागला.

परवा जेवताना मी लेकीच्या परीक्षेचं सांगत होते. हे माझ्याकडे बघत "हं, हं" करत होते. एकदम हातातला घास ताटात पडला. झोपले होते, मैने. डोळे उघडे आणि झोपलेले. मग हसून म्हणाले, "तुझं बोलणंच तसं आहे." मीही हसले. पण झोपेत यांचं घोरणं मधेच थांबतं, श्वासही थांबतो, मी उठून बसते, आणि मग बुडालेला माणूस वर यावा तसा आवाज करून श्वास घेतात. असं करून सकाळी उठतात ते थकलेलेच. आणि संध्याकाळी घाटातली रात्रीची गाडी घेऊन जातात.

तू यांना चालवताना पाहिलंस. मला एवढंच सांग, सगळं ठीक आहे ना?

तुझी वहिनी

२७ जानेवारी

वहिनी,

मांजराचं वाचून हसले. आमच्याकडेही काही कमी गोंधळ नाही. तळमजल्यावर रस्त्यांवाले दिवसभर डांबराच्या वड्या यंत्रात घालून चिरडत असतात, पहिल्या मजल्यावरचे लोक रस्ता कोण कुठे ओलांडतो याचे व्हिडिओ बघत बसतात, आणि आम्ही झोपवाले सगळ्यांत वर. आम्हाला सगळे "अंगाईवाले" म्हणतात. चालकांना गाडी चालवताना झोप कधी लागते आणि कशी कळेल, एवढाच आमचा विषय. इथे चांगलं काही सापडलं तर पुढे गाड्यांच्या पाळ्या बदलतील, रात्रीच्या फेऱ्यांना दुसरा चालक मिळेल, निदान सरांची तशी खटपट चालू आहे.

दादाचा निकाल मला सांगता येणार नाही. रागावू नकोस. इथे येणाऱ्या प्रत्येक चालकाला आम्ही शब्द देतो, की जे दिसेल ते फक्त त्याला सांगू. डेपोला नाही, घरी नाही. नोकरी जाईल ही भीती असली तर कोण येईल? युनियनच्या अध्यक्षांना हे पटवता पटवता सर म्हातारे झाले. तो शब्द माझ्या भावासाठी वेगळा आणि बाकीच्यांसाठी वेगळा असू शकत नाही. खरं तर त्याच्या वेळी मी तिथे असायलाच नको होतं. सहकारी आजारी पडली म्हणून ऐन वेळी बसावं लागलं.

दादालाच विचार. आणि घोरण्याचं म्हणशील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवलेलं बरं. या वयात सगळ्यांनीच दाखवावं.

लेकीला सांग, आत्या परीक्षेनंतर न्यायला येईल.

मैना

१२ फेब्रुवारी

मैने,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डोक्याला तारा लावल्या होत्या, निकाल सांगता येत नाही, डॉक्टरला दाखव. मी काय समजायचं? मी समजले की यांच्या डोक्यात गाठ सापडलीय आणि तू माझ्यापासून लपवतेयस. इकडे दवाखान्यात एका म्हाताऱ्या कुत्र्याला तसंच झालं होतं, तेही असंच उभ्या उभ्या झोपायचं.

आठवडाभर यांच्या आवडीचं रांधलं. मी एकदाही यांच्या अंगावर ओरडले नाही. शेवटी यांनीच विचारलं, "काय गं, मी मरायला टेकलोय का?" आणि मला रडू फुटलं. गाठीचं ऐकून हे एवढे हसले की शेजारची डोकावून गेली. मग हसता हसता थांबले. म्हणाले, "मैनेनं काय लिहिलंय?"

"काहीच नाही. सांगता येत नाही म्हणाली."

"मग बरोबर आहे. तिनं शब्द दिलाय." आणि चपला घालून बाहेर गेले.

तेव्हापासून बाहेरच्या खोलीत झोपतात. घोरण्याचा तुला त्रास नको, म्हणतात. मला कळतं, मी ऐकू नये म्हणून. घशाच्या डॉक्टरचं नाव काढलं की आंघोळीला जातात. दिवसातून तीनतीनदा आंघोळ चाललीय.

तुझा शब्द तुझ्यापाशी ठेव. मी निकाल विचारत नाही. दुसरंच विचारते. पुढच्या आठवड्यात लेकीच्या शाळेची सहल आहे. डेपोनं गाडी दिलीय आणि हे स्वतः मागून त्या गाडीवर चाललेत. लेक उड्या मारतेय. तू तिची आत्या आहेस. तू तिला त्या गाडीत बसवशील का?

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

नाही बसवणार.

आता एवढं लिहिलं, तर सगळंच लिहिते. अर्धवट सांगून गेल्या वेळी तुला गाठीपर्यंत पोचवलं.

आमच्या पडद्यावरचा रस्ता मुद्दाम कंटाळवाणा केलेला असतो. सरळ, दोन्हीकडे एकसारखी झाडं. दादा दुपारी बसला, पोटभर झोप घेऊन आलोय म्हणाला. मी काचेपलीकडे होते. माझ्यासमोर त्याचा चेहरा आणि त्याच्या मेंदूच्या रेषा. बऱ्याच वेळाने त्या रेषा झोपेच्या झाल्या. डोळे उघडेच होते. हात स्टिअरिंगवर, जसे असायला हवेत तसे. रस्ता डावीकडे वळला, गाडी वळली नाही. कठडा गेला, झाडं गेली. त्याच्यापुढे पडद्याची चित्रं करणाऱ्या आमच्या मुलांनी काही काढलेलंच नाही, नुसता निळा रंग आहे. त्या निळ्यात दादा शांतपणे गाडी चालवत होता. मग दचकला आणि माइकवर म्हणाला, "मैने, तुमचा पडदा बिघडला बघ."

असं त्या दुपारी पुन्हा पुन्हा झालं. आमच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं. झोपेत त्याचा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून जागा होतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. म्हणून तो कितीही झोपला तरी त्याची झोप होत नाही. झोपताना नाकावर लावायचा एक मुखवटा मिळतो, छोट्या यंत्राला जोडलेला. लावला तर महिन्याभरात माणूस ताजातवाना होतो. हा बरा होणारा आजार आहे, वहिनी, हे नीट वाच. पण तोवर गाडी चालवायची नाही.

व्हरांड्यात त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "उन्हाळ्यानंतर मला दिवसपाळी देणार आहेत. तोवर सांभाळून चालवतो. कुणाला बोलू नकोस." मी म्हटलं, मला बोलताच येत नाही. आणि खरं सांगू, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

हे तुला त्याची बायको म्हणून सांगितलं. त्याला घरात बसवून समजाव, भांड, लेकीची शपथ घाल. पण डेपोत जाऊ नकोस. तिथे कळलं तर तो एकटा बुडणार नाही.

मैना

३ मार्च

मैने,

मी डेपोत गेले.

आधी घरीच सांगून पाहिलं. तुझं पत्र दाखवलं नाही, पण मला सगळं ठाऊक आहे एवढं म्हटलं. हे भिंतीकडे बघत ऐकत होते. म्हणाले, "इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. तुम्ही दोघी पडद्यावरच्या गाडीवरून मला उतरवणार?" मी म्हटलं, सहलीपुरतं तरी नाही म्हणा. "बघू," म्हणाले. मी तो होकार धरला.

सहलीच्या दिवशी लेकीला उठवायला गेले तर खाकी शर्टाला इस्त्री चाललेली. शर्टाची बाही टेबलावर पसरलेली, इस्त्री तिच्यावर उभी, कापडातून धूर निघतोय, आणि हे इस्त्रीची मूठ धरून उभे. डोळे उघडे. मी प्लग ओढला. यांना पत्ताच नाही. काय झालं म्हणाले. जळका शर्ट काढून ठेवला, दुसरा चढवला आणि निघाले.

मी मागच्या गल्लीनं डेपो गाठला. मॅनेजरच्या खोलीत उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, बाई, नवराबायकोचं भांडण इथे आणू नका. मग मी तुमच्या संस्थेचं नाव घेतलं. विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं. तेव्हा ते उठले.

गाडीत मुलं बसली होती, गाणी चालली होती. यांना सीटवरून उतरवलं. लेक खिडकीत होती. तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही येत नाही?" यांनी तिला हात केला आणि डेपोच्या बाकावर जाऊन बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू घरी जा."

दुसरा ड्रायव्हर घेऊन सहल जाऊन आली. मुलं सुखरूप आली. हे माझ्याशी बोलत नाहीत. पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन, पण चुकलं असेल तर तसं लिही.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

चुकलं की नाही हे मला ठरवता येत नाही. इकडे काय झालं ते लिहिते.

सोमवारी पैलवानासकट पाच-सहा जण आले. वर न येता खाली पायऱ्यांवरच उभे राहिले. सर उतरून गेले. पैलवान म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, बाहेर जाणार नाही. गेलं ना? आमचं सगळं आमच्यासमोर पुसा." सरांना नाही म्हणता येईना, तसा त्यांचा हक्कच आहे. एकेकाला बसवून त्याची माहिती त्याच्यासमोर पुसली. नंतर दुसऱ्या डेपोंचे लोक आले. आता हॉलमध्ये ते बसचं तोंड नुसतं उभं आहे. काल बघितलं तर कुणीतरी स्टिअरिंगवर छत्री वाळत टाकली होती.

सरांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, माझ्याकडून गेलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. पण तू आता या विभागात राहू शकत नाहीस." मला खालच्या मजल्यावर पाठवलंय. मी आता रस्ता ओलांडणारी माणसं मोजते.

तुझ्यावर राग आहे, वहिनी. तू संस्थेचं नाव घ्यायला नको होतंस. घोरतात, जेवताना झोपतात, इस्त्रीवर झोपले, एवढं पुरलं नसतं का? नसतं, हेही कळतं. तरी राग आहे. दादासारखे आणखीही लोक तपासणीत सापडले होते. त्यांतले काही गुपचूप उपचार घेत होते. आता ते घेतील का?

दादाला मुखवटा लावायला सांग. निदान तेवढं तरी पदरात पडू दे.

मैना

२० मे

मैने,

दोन महिने लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस.

हे आता तिकीट खिडकीवर बसतात. मुखवटा लावतात. पहिल्या दिवशी लेक घाबरली, मग तिनं यांचं नाव हत्ती ठेवलं. घोरणं बंद झालंय. सकाळी चेहरा इतका स्वच्छ असतो की मला यांचं तरुणपण आठवतं. माझ्याशी भाजी, किल्ली, लेकीची वेळ, एवढंच बोलतात.

परवा पैलवानाची गाडी घाटात उभ्या ट्रकवर गेली. पहाटेची वेळ, रस्ता मोकळा, ब्रेकची खूण नाही. पैलवानाचा पाय चिरडलाय. डावीकडे पुढच्या सीटवर कंडक्टर होता, तो जागीच गेला. हसतमुख पोरगा, मागच्याच वर्षी लग्न झालेलं. प्रवासी जखमी आहेत, पण जगतील म्हणतात.

काल पैलवानाची बायको दवाखान्यात आली. मला वाटलं, भांडायला आली. ती कुत्र्यामांजरांच्या रांगेत बसून राहिली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "तुमच्या नणंदेनं तुम्हाला सांगितलं. माझ्या नवऱ्याचंही तिला माहीत होतं का? मला कोणी का सांगितलं नाही?"

तिला काय सांगू?

वहिनी

२८ मे

वहिनी,

पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. तो कंडक्टर मी पाहिला होता. दादाला न्यायला एकदा आला होता आणि आमच्या बसमध्ये बसून फोटो काढून घेतला होता त्यानं.

पैलवानाबद्दल मी काही लिहिणार नाही. मी गप्प आहे म्हणजे नक्की काहीतरी होतं, असा अर्थ काढू नकोस. काही नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. त्याच्या बायकोला सांग, मैनेला विचारलं आणि तिनं काहीही सांगायला नकार दिला. मग तिला मला जे बोलायचं ते बोलू दे. तिचा हक्कच आहे.

तुला वाटेल, आता कसला शब्द पाळतेय ही, तो तर मोडून झाला. पण एकदा मोडला म्हणून तो नव्हताच, असं मला करता येत नाही. एकदा मोडल्यावर काय झालं, ते बघतेच आहे. गप्प राहिले असते तर काय झालं असतं, तेही रोज डोळ्यांपुढे येतं. सहलीची गाडी आणि समोर नुसतं निळं.

मला झोप लागत नाही. अंगाईवाली असून.

मैना

३० जून

मैने,

तुझ्या वहिनीनं तुझं शेवटचं पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि ती आत निघून गेली. नंतर आधीचीही मागून घेतली. मी लिहिणारा माणूस नाही, तेव्हा जसं येईल तसं वाच.

मी पैलवानाला बघायला गेलो. त्याचा पाय गुडघ्याखाली काढलाय. बायको बाजूला बसली होती. मी स्टूल ओढून बसलो. मग तोच बोलला. "मलाही तोच मुखवटा सांगितला होता रे. चार दिवस लावलाही. तुला बाकावर बसवलेलं बघितलं आणि नेऊन माळ्यावर टाकला. डॉक्टरकडे जाताना कुणी बघितलं तर?" बायको ऐकत होती. ती उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे धुऊन परत आली. म्हणजे तिला कळलं, आणि त्याच्या तोंडून कळलं. तुझ्या डोक्यावरचं तेवढं ओझं उतरव.

तुम्ही दोघींनी मला उतरवलं म्हणून मी जिवंत आहे, कदाचित ती पोरंही आहेत. आणि मला तसं उतरवलं म्हणून कंडक्टर गेला. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं, असं मला करता येत नाही. खूप करून बघितलं.

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत मी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, मी स्टिअरिंगवर झोपायचो. डोळे उघडे ठेवून झोपायचो आणि मला कळायचं नाही. पडदा बिघडलाय म्हणायचो. काही हसले. एक जण म्हणाला, तुला आता काय, तू खिडकीवर. मी म्हटलं, हो, म्हणूनच सांगू शकतो. मग मुखवट्याचं सांगितलं, हत्ती म्हणतात तेही सांगितलं. जाताना दोघं मागे रेंगाळले. नंतर आणखी आले. त्यांना घेऊन मी अध्यक्षांकडे गेलो, अध्यक्ष आणि मी मॅनेजरकडे गेलो. ज्याच्यात असं सापडेल त्याला उपचार होईपर्यंत खिडकीवर नाहीतर वर्कशॉपमध्ये बसवायचं, नोकरीला हात लावायचा नाही, असं कागदावर घेतलं. महिनाभर हुज्जत घातली त्यासाठी. आधी कुणी घातली नव्हती.

तुझ्या सरांशी बोललोय. येत्या मंगळवारी डेपोतल्या ड्रायव्हरांना घेऊन मी तपासणीला येतोय. मी चालवायला नाही, त्यांच्याबरोबर नुसता.

एक अट आहे. तू तिथे नसावंस. हॉलमध्ये नको, जिन्यात नको, फाटकाशी नको. सरांना वाटलं, ही ड्रायव्हरांची अट आहे. तुला खरं सांगतो, ती मीच घातली. त्यांना तुझ्यासमोर बसवायचं तर मला आधी त्यांना सांगावं लागेल की ती बोलणार नाही. आणि ते माझ्या तोंडातून निघत नाही.

राग म्हणून लिहिलेलं नाही. राग असता तर सोपं होतं.

दादा

४ जुलै

दादा,

मंगळवारी मी रजा घेतलीय. शहरातच नसेन.

सगळ्यांना सांग, आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. सकाळनंतर चहा नको. हॉलमध्ये गारठा असतो, तुझ्या वेळी तू कुडकुडत होतास आणि बोलला नाहीस, म्हणून जाड काहीतरी अंगावर असू द्या. पडदा सुरू झाला की पहिल्यांदा मळमळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सांगितलं की थांबवतात.

काचेपलीकडे नवीन मुलगी बसेल. हुशार आहे, फार बोलत नाही. तिचं या डेपोत कुणी नाही, घाटातल्या गाडीनं जाणारं कुणी नाही. तिनं जे पाहिलं ते ती ज्याचं त्यालाच सांगेल आणि घरी जाऊन जेवेल.

वहिनीला वेगळं लिहितेय.

मैना